उधारी किती दिवसांची? टॅलीला विचारा, पण नोंद नीट करा

दुकानात संगणक आला, टॅली बसली, नोंदी करायला एक मुलगाही ठेवला. तरी महिनाअखेरीला मालाचे पैसे द्यायची वेळ आली की गल्ल्यात रक्कम नसते. विक्री चांगली आहे, नफाही दिसतो, मग पैसा गेला कुठे? आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांचा हा नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुधा त्याच संगणकात पडून असते. पण आपण टॅलीचा उपयोग बिल छापण्यापुरता आणि वर्षाच्या शेवटी सीए साहेबांना आकडे देण्यापुरताच करतो. अहवाल, म्हणजे रिपोर्ट, काढून पाहण्याची सवय आपल्याला नाही. गेल्या काही वर्षांत या रिपोर्टांच्या बाबतीत बऱ्याच नव्या सोयी आल्या आहेत. त्यांपैकी आपल्या उपयोगाच्या कोणत्या, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

टॅलीचा जन्मच मुळी एका व्यापाऱ्याच्या गरजेतून झाला. श्यामसुंदर गोएंका हे कापड गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत असत. आपल्या धंद्याला जमेल असा हिशेबाचा प्रोग्राम त्यांना बाजारात मिळेना. म्हणून त्यांनी तो आपल्या मुलाकडून, भरत गोएंका यांच्याकडून, तयार करून घेतला. कंपनी १९८६ मध्ये सुरू झाली. २०२० च्या अखेरीस टॅलीप्राइम आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिची ४.० ही आवृत्ती निघाली. या आवृत्तीत तीन गोष्टी नव्या होत्या. पहिली डॅशबोर्ड, म्हणजे विक्री, खरेदी, येणे, देणे, रोख व बँक शिल्लक हे सारे चित्ररूपाने एकाच पडद्यावर. दुसरी एक्सेलमधील नोंदी थेट टॅलीत घेण्याची सोय. तिसरी व्हॉट्सअ‍ॅपवरून बिल व बाकीचा तगादा पाठविण्याची सोय.

उधारीचे वय पाहा

डॅशबोर्डवरील रंगीत चित्रे पाहायला बरी वाटतात, परंतु आमच्या मते छोट्या व्यापाऱ्याने सर्वांत आधी येणे बाकीचा रिपोर्ट उघडावा आणि त्यात बाकीचे वय पाहावे. मालेगाव किंवा भिवंडीतील एखाद्या यंत्रमागधारकाचे उदाहरण घ्या. समजा, त्याचे बाजारात एकूण ६ लाख रुपये येणे आहे. हा आकडा त्याला तोंडपाठ असतो. पण त्यांपैकी ३० दिवसांच्या आतले अडीच लाख, ३० ते ६० दिवसांचे दीड लाख, ६० ते ९० दिवसांचे ५० हजार आणि ९० दिवसांवरचे दीड लाख अशी फोड केली की चित्र बदलते. शेवटचे दीड लाख ही खरी अडकलेली पुंजी. हेच पैसे हाती असते तर सूत रोखीने, चार पैसे कमी देऊन घेता आले असते. आणि ज्या पार्टीकडे ते अडकले आहेत, तिलाच आपण या आठवड्यात पुन्हा उधार माल पाठवीत आहोत काय, हेही त्याच ठिकाणी कळते.

मात्र येथे एक मोठी चूक सर्रास होते. पार्टीच्या खात्यात बिलवार बाकी ठेवण्याची सोय चालूच केलेली नसते. किंवा चालू असली तरी पैसे आले की मुलगा ते ‘ऑन अकाउंट’ घालून मोकळा होतो, कोणत्या बिलापोटी आले हे लिहीत नाही. मग एकूण बाकी बरोबर दिसते, पण फिटलेली बिलेही यादीत उभीच राहतात. अशा नोंदींवरून व्हॉट्सअ‍ॅपचा तगादा गेला, तर ज्याने पैसे चुकते केले त्यालाच पुन्हा मागणी जाते. वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक दुखावते. यंत्र चुकले असे आपण म्हणतो, पण चूक नोंदीची असते. (व्हॉट्सअ‍ॅपच्या सोयीला वेगळा खर्च येतो, हेही लक्षात ठेवावे.)

कराची वजावट बुडू देऊ नका

दुसरा रिपोर्ट जीएसटीचा. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की, विक्रेत्याने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखविलेले आणि आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरलेले बिल असेल तरच कराची वजावट मिळते. समजा, आपण खरेदीवर १८ हजार रुपये कर दिला आणि विक्रेत्याने ते बिल दाखविलेच नाही, तर ते १८ हजार आपल्या खिशातून गेले. २०२४ मधील ५.० या आवृत्तीपासून २बी थेट टॅलीत उतरवून आपल्या खरेदीशी ताडून पाहता येते. न जुळणारी बिले वेगळी दिसतात. विक्रेत्याचे पुढचे पैसे देण्याआधी ही यादी त्याच्यासमोर ठेवावी. पैसे देऊन झाल्यावर त्याला घाई नसते.

४५ दिवसांचा नियम

तिसरी गोष्ट माल बनविणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. ज्या सूक्ष्म व लघु उद्योगाची उद्यम नोंदणी आहे, त्याचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे, असा २००६ चा कायदा सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही याला जोर आला. मुदत टळली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. ज्या वर्षी तो प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून कारागिराने आपला उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरतीच. खरेदीदार म्हणून मात्र नियम त्यांना लागू पडतो. कोणत्या लघु उद्योजकाचे देणे किती दिवस थकले, हे टॅलीत वेगळे पाहता येते. मार्च उजाडण्याआधी ते पाहावे आणि सीएंचा सल्ला घ्यावा.

पॉवर बीआय घ्यावे काय?

हल्ली मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयचे नाव पुष्कळ ऐकू येते. हे २०१५ मध्ये आले. विंडोजवरील त्याची डेस्कटॉप आवृत्ती फुकट मिळते. रिपोर्ट इतरांना वापरायला द्यायचे तर दरमहा प्रत्येक माणसामागे पैसे पडतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये हा दर १० डॉलरवरून १४ डॉलर झाला. साध्या भाषेत प्रश्न विचारून आलेख काढून देणारा ‘कोपायलट’ही त्यात आला आहे, पण त्याचा खर्च आणखी वेगळा. चार-पाच शाखा असतील आणि प्रत्येकीचे आकडे वेगवेगळ्या फायलींत असतील, तर ते एकत्र पाहण्यासाठी हे साधन उत्तम आहे. एका दुकानाला त्याची गरज नाही.

आमची विनंती एवढीच. या सुट्टीच्या दिवशी एक तास काढून मोठ्या १० पार्ट्यांची खाती बिलवार करून घ्या. पुढे आठवड्यातून एक दिवस ठरवून येणे बाकीचा रिपोर्ट नोंदी करणाऱ्या मुलाच्या भरवशावर न सोडता स्वतः पाहा. पूर्वीचे व्यापारी रात्री दुकान वाढविण्यापूर्वी वही उघडून बसत. वही बदलली, पण मालकाने स्वतः ती पाहण्याची गरज संपलेली नाही.