मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लवकर उभे राहताना

पोटाची किंवा सांध्याची मोठी शस्त्रक्रिया करायची झाली की पारनेर तालुक्यातील रुग्णाला बहुधा अहिल्यानगर, लोणी किंवा पुणे गाठावे लागते, आणि घरी परतल्यावर टाके, पथ्य व औषधे सांभाळण्याचा भार कुटुंबावर येतो. म्हणून रुग्ण किती लवकर हिंडू-फिरू लागेल, हे बऱ्याच अंशी घरातच ठरते.

शस्त्रक्रियेचा आघात होताच शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे अवयवांना संदेश पोहोचवणारी रसायने, वाढतात, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि स्नायूंमधील प्रथिने झिजू लागतात. त्यात उपासमार, न शमलेली वेदना आणि अंथरुणावर पडून राहणे यांची भर पडली की झीज वाढते. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात या सर्व बाबी एकत्रितपणे हाताळल्या आणि मोठ्या आतड्याचा भाग काढलेले रुग्णही दोन-तीन दिवसांत घरी जाऊ शकतात, हे दाखवून दिले.

भूल देताना उलटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोट रिकामे लागते. पण त्यासाठी आदल्या रात्रीपासून पाणीही तोडण्याची गरज बहुतेकांना नसते. हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, मात्र मधुमेह किंवा जठराचा विकार असल्यास भूलतज्ज्ञाचा शब्द अंतिम मानावा. नंतर वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि तेवढाच भाग बधिर करणारे इंजेक्शन यांची सांगड घातली, तर आतडी मंदावणारी अफूवर्गीय औषधे कमी लागतात, आणि दुखणे आटोक्यात असलेला रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी आधाराने चालू शकतो. चालण्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि फुप्फुसात कफ साचण्याचा धोका घटतो.

भात-वरणाने टाके पिकतात, ही समजूत मात्र सर्वांत घातक आहे, कारण जखम भरण्यासाठी लागणारी प्रथिनेच तिच्यामुळे ताटातून जातात. डॉक्टरांनी खाण्यास परवानगी दिल्यावर मऊ भात, मुगाचे वरण, दूध, अंडी अवश्य द्यावीत.

घरच्या या काळजीला गावातूनही आधार मिळू शकतो. पारनेरप्रमाणेच अहिल्यानगर जिल्ह्यात असलेल्या जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात गावच्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले गेले. आज गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत; रुग्णाला घरी सोडताना रुग्णालयाने त्यांना कळवले, तर ताप, टाक्यांतून पू, सतत उलट्या, सुजलेली पोटरी किंवा अचानक लागलेला दम ही लक्षणे दिसताच रुग्णाला वेळ न घालवता परत पाठवता येईल.