लुळा पाय आणि चौदा दिवस

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावे देशभर पोहोचली. माणसांचे केस अचानक गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडू लागले. गावकऱ्यांनी ते लपवले नाही, सांगितले. म्हणून आरोग्य खात्याची पथके आली, पाण्याचे आणि त्वचेचे नमुने गेले, आयसीएमआरचे तज्ज्ञही येऊन गेले. आजार कोणताही असो, त्याचा शोध असाच सुरू होतो. आधी कोणीतरी तोंड उघडावे लागते.

लहान मुलांच्या आजारांवर अशीच नजर ठेवणारे डॉक्टर असतात. ते दवाखान्यात बसून रुग्णांची वाट पाहत नाहीत. सरकारी रुग्णालये, खासगी दवाखाने, वैद्य, अगदी अंगारे-धुपारे देणाऱ्यांनाही ते एकच प्रश्न विचारत फिरतात : पंधरा वर्षांच्या आतील एखाद्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला आहे का? दर आठवड्याला रुग्णालयांकडून अहवाल घेतला जातो. रुग्ण नसेल तर ‘शून्य’ असे कळवावे लागते, कारण कोरा कागद आला तर रुग्ण नाही की कोणी पाहिलेच नाही, हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हे काम देशात १९९७ पासून चालू आहे.

पोलिओ तर गेला, मग आता कशाला, असे कोणी म्हणेल. भारतातील शेवटचा जंगली पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो विषाणू अजून आहे, आणि विषाणूला सीमा कळत नाही. तो परत आला तर पहिल्याच मुलावर ओळखता आला पाहिजे.

त्यासाठी वेळ मात्र थोडा असतो. अशक्तपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, मुलाच्या शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात. ते बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जातात. गरज असेल तर ६० दिवसांनी मुलाला पुन्हा तपासले जाते. आपल्याकडे होते काय? पाय लुळा पडला की पहिला आठवडा तेल-मालिशीत जातो, दुसरा उताऱ्यात. डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत नमुन्याची वेळ टळून जाते. बहुतेक वेळा कारण दुसरेच निघते, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. आणि त्या दुसऱ्या कारणावरही उपचार वेळेतच हवा असतो. श्वासाच्या स्नायूंपर्यंत अशक्तपणा चढला तर जीव धोक्यात येतो.

दुसरी नजर गोवरावर असते. ताप आणि अंगावर लाल पुरळ, एवढे दिसले तरी आशाताईला सांगायचे. ही देवी आली नाही की कोणाची नजर लागली नाही. हा हवेतून पसरणारा विषाणू आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तो दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. दाटीच्या वस्तीत तो किती वेगाने धावतो, हे २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडीने पाहिले. तिथे बालके दगावली. गोवराने न्यूमोनिया होतो, डोळे जाऊ शकतात. म्हणूनच गोवर झालेल्या मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वही देतात.

यावर उपाय साधा आहे. गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. पहिला बहुतेक मुलांना मिळतो, दुसरा राहून जातो. हंगाम संपला की आईबाप वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे कामाला जातात. लसीच्या दिवशी थांबायचे तर रोज बुडतो. ही अडचण खरी आहे, तिला आळस म्हणू नये. पण लस कुठल्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते. कार्ड सोबत असले की पुढचा डोस तिथेही घेता येतो. एखादा डोस चुकला तर सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, राहिले तिथून पुढे देतात.

लसीनंतर ताप येतो म्हणून काही घरे दार लावून घेतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीनंतर एक-दोन दिवस ताप येणे, मांडी दुखणे नेहमीचे आहे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, औषध किती द्यायचे ते सिस्टरला विचारून घ्या. टोचलेल्या जागी हळद, तेल काही लावू नका. ताप उतरला नाही, झटका आला किंवा मूल सुस्त पडले तर लगेच दवाखाना गाठा.

वस्तीतून एवढे झाले तरी पुष्कळ :

• विहारात वंदनेनंतर लसीकरणाचा पुढचा दिवस सांगावा. जागा नसेल तर विहार खुले करून द्यावे.

• कामाला बाहेर गेलेल्या आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांतील मुलांची नावे आशाताईला द्यावीत.

• लसीचे कार्ड रेशनकार्डासोबत जपून ठेवावे.

• लुळा हात-पाय किंवा ताप-पुरळ दिसले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवावे.

असे डॉक्टर मोजकेच असतात. मुलाचा पाय आज कालच्यासारखा पडत नाही, हे आधी दिसते ते आईला किंवा शेजारणीला.