उधेवाडीची पडवी

राजमाचीला मुक्कामाला जायचं म्हणजे उधेवाडीला जायचं. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले माथ्यावर, त्यांच्या पायथ्याची सपाटी ती माची, आणि माचीवरची ही छोटी वाडी. इथे ट्रेकरांसाठी वेगळं वसतिगृह कशाला हवं? गावातली राहती घरंच ते काम करतात.

वाटा दोन. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे जंगलातला कच्चा रस्ता, साधारण १५ किलोमीटर. लांबलचक, पण फारसा चढाचा नाही. दुसरी कर्जतकडून, कोंदिवड्याहून कोंढाण्याची बौद्ध लेणी बघत थेट अंगावर येणारी. ही चढण घाम काढते.

या डोंगराला वाटसरूंची सवय जुनी आहे. बोरघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटेवर इथून नजर राहायची. १६५७ साली किल्ला शिवाजी महाराजांकडे आला, १८१८ साली इंग्रजांकडे गेला. गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ याच परिसरातला.

मुक्कामाची रीत सोपी. शेणाने सारवलेल्या पडवीत किंवा पाहुण्यांसाठी काढलेल्या खोलीत सतरंजी अंथरायची, भिजलेले बूट बाहेर ठेवायचे. जेवणाचे पैसे ताटावर. ताटात पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, कांदा, मागून भात-आमटी. गावरान कोंबडी हवी तर आधी सांगावं लागतं.

भाकरी बघत बसावी अशी. पीठ गरम पाण्यात मळायचं, गोळा परातीत थापत गोल फिरवायचा. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात. ते पाणी सुकायच्या आत ती उलटायची, आणि शेवटी तवा उतरवून निखाऱ्यावर धरायची. टम्म फुगली की थेट ताटात.

पावसाच्या तोंडावर, मे अखेर ते जून, काजव्यांमुळे गर्दी वाढते. काजव्याचा नर लुकलुकून मादीला खुणावतो. बॅटरीचा झोत पडला की ती खूण हरवते. म्हणून जंगलात मोबाईलचा दिवा बंद ठेवायला सांगतात. सगळेच ऐकतात असं नाही.

खरी ओढाताण जुलैत. धबधबे बघायला येणाऱ्यांचे शनिवार-रविवार आणि भाताची लावणी एकाच वेळी येतात. जी माणसं सकाळी चिखलात वाकून रोपं लावतात, तीच रात्री पंगत वाढतात. पाहुण्यांचा पैसा हवा असतो, पण लावणी खोळंबून चालत नाही. त्यामुळे निघण्याआधी फोन करून किती जण येणार ते सांगायचं, आणि सांगितलं तेवढ्यांनीच जायचं. पाच सांगून बारा जण दारात उभे राहिले, तर रात्री उशिरा पुन्हा चूल पेटवावी लागते.