ॲलेंड्रोनेटच्या वापरातील दक्षता

ॲलेंड्रोनेट (ॲलेंड्रॉनिक आम्ल) हे हाडे ठिसूळ करणाऱ्या ऑस्टिओपोरोसिस या विकारावरील औषध आहे. ते बिस्फॉस्फोनेट या औषधगटात मोडते. अमेरिकेत १९९५ साली मर्क कंपनीच्या 'फोसामॅक्स' या नावाने त्याला मान्यता मिळाली. उपचारासाठी सामान्यतः दररोज १० मिलिग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. हे औषध घेण्याची रीत चुकल्यास एक तर ते शरीरात शोषले जात नाही किंवा अन्ननलिकेला इजा करते. त्यामुळे ते कसे घ्यायचे, याच्या सूचनांना मात्रेइतकेच महत्त्व आहे.

कार्यपद्धती

हाडांत झीज आणि भर या दोन्ही क्रिया आयुष्यभर सुरू असतात. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड झिजवतात, तर ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे हाड घडवतात. रजोनिवृत्तीनंतर झीज भरीपेक्षा वाढते आणि हाडे विरळ होतात. ॲलेंड्रोनेट हाडातील कॅल्शियमयुक्त खनिजाला चिकटते आणि ऑस्टिओक्लास्ट पेशींचे कार्य रोखते. पाठीच्या मणक्याचा अस्थिभंग आधीच झालेल्या २,०२७ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. सुमारे तीन वर्षांच्या काळात मणक्यांचे नवे अस्थिभंग औषध घेणाऱ्या गटात ८ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या गटात १५ टक्के स्त्रियांमध्ये आढळले. खुब्याच्या अस्थिभंगाचे प्रमाणही जवळपास निम्म्यावर आले.

गोळी घेण्याची रीत

कॅल्शियमला चिकटण्याचा जो गुणधर्म औषधाला हाडापर्यंत नेतो, तोच पोटात अडथळा ठरतो. अन्नातील कॅल्शियम व इतर खनिजांशी औषधाचा संयोग झाला की ते आतड्यातून शोषले जात नाही. रिकाम्या पोटी घेतले तरी त्याचा एक टक्क्याहूनही कमी अंश रक्तात पोहोचतो. न्याहारीबरोबर किंवा न्याहारीनंतर दोन तासांच्या आत घेतल्यास शोषण जवळजवळ होतच नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतल्यास ते सुमारे ६० टक्क्यांनी घटते. दुधाच्या चहातही कॅल्शियम असते. म्हणून सकाळी उठल्याबरोबर चहा घेण्याची सवय असलेल्यांनी गोळीच्या दिवशी चहा पुढे ढकलणे आवश्यक असते. यासाठी पुढील नियम पाळले जातात.

• गोळी सकाळी उठल्यावर, काहीही खाण्यापिण्यापूर्वी घ्यावी. रात्री झोपताना घेऊ नये.
• ती पेलाभर (सुमारे २०० मिलिलिटर) साध्या पाण्याबरोबर अखंड गिळावी. चघळू किंवा चोखू नये. खनिजयुक्त बाटलीबंद पाणी टाळावे.
• त्यानंतर किमान ३० मिनिटे अन्न, चहा, दूध किंवा दुसरे कोणतेही औषध घेऊ नये.
• या ३० मिनिटांत आणि दिवसाचे पहिले खाणे होईपर्यंत आडवे होऊ नये. ताठ बसणे, उभे राहणे किंवा चालणे योग्य.
• कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्तावरील औषधे या अवधीनंतरच घ्यावीत.

आठवड्याची गोळी ठरलेल्या वारी घ्यावयाची राहून गेल्यास आठवण झाल्यानंतरच्या सकाळी एक गोळी घ्यावी आणि पुढे नेहमीचा वार पाळावा. एका दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत. आठवड्याची गोळी गैरसमजाने रोज घेतली जाऊ नये म्हणून ठरलेला वार दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवणे उपयुक्त ठरते.

अन्ननलिकेला होणारी इजा

गोळी अन्ननलिकेत अडकून विरघळल्यास तिच्या आतील आवरणाला दाह होतो व व्रण पडू शकतात. औषध बाजारात आल्यानंतर थोड्याच काळात, १९९६ साली, अशा गंभीर दाहाची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली. त्यांपैकी अनेक रुग्णांनी गोळी पुरेशा पाण्याबरोबर घेतली नव्हती किंवा ती घेतल्यावर ते आडवे झाले होते. गिळताना दुखणे, घास अडकणे, छातीत दुखणे, नव्याने सुरू झालेली किंवा वाढलेली जळजळ ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसताच औषध थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामकांबरोबर पचनमार्गाच्या तक्रारी वाढू शकतात.

कोणाला देऊ नये

अन्ननलिका अरुंद झालेली असल्यास किंवा तिच्यातून अन्न पुढे सरकण्यास विलंब होत असल्यास, अर्धा तास ताठ बसणे वा उभे राहणे शक्य नसल्यास आणि रक्तातील कॅल्शियम कमी असल्यास हे औषध देत नाहीत. कॅल्शियमची कमतरता उपचार सुरू करण्यापूर्वी भरून काढावी लागते. ड जीवनसत्त्वाच्या अभावाकडेही लक्ष द्यावे लागते. मूत्रपिंडांचे कार्य बरेच मंदावले असल्यास (क्रिएटिनिन निष्कासन मिनिटाला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी) औषधाची शिफारस केली जात नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना या अटी ठाऊक असणे विशेष आवश्यक आहे.

दीर्घकालीन वापर

जबड्याच्या हाडाचा काही भाग मृत होणे हा दुर्मीळ दुष्परिणाम आहे. शिरेतून मोठ्या मात्रेत बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांत तो अधिक आढळतो. उपचारापूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला या औषधाची कल्पना द्यावी. दुसरा दुर्मीळ दुष्परिणाम म्हणजे किरकोळ आघाताने किंवा आघाताशिवाय मांडीचे हाड मोडणे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली त्याबाबत इशारा दिला. अशा अस्थिभंगापूर्वी काही आठवडे किंवा महिने मांडीत वा जांघेत ठणका जाणवू शकतो. त्यामुळे ही वेदना संधिवाताची समजून दुर्लक्षित करू नये.

औषध हाडात अनेक वर्षे टिकून राहते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे पाच वर्षांच्या उपचारानंतर औषध थांबवलेल्या आणि पुढे पाच वर्षे सुरू ठेवलेल्या स्त्रियांची तुलना केली गेली. मणक्यांव्यतिरिक्त इतर अस्थिभंगांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र वेदना वा अन्य लक्षणांमुळे निदान झालेले मणक्यांचे अस्थिभंग थांबवलेल्या गटात ५.३ टक्के, तर सुरू ठेवलेल्या गटात २.४ टक्के होते. म्हणून साधारण पाच वर्षांनी अस्थिभंगाच्या जोखमीचा पुन्हा आढावा घेतला जातो. जोखीम कमी असल्यास औषधाला काही काळ विराम दिला जातो. जोखीम जास्त असल्यास ते सुरू ठेवले जाते. दुर्मीळ दुष्परिणामांच्या भीतीने औषध परस्पर बंद केल्यास, ज्या अस्थिभंगांपासून संरक्षण मिळावे म्हणून ते सुरू केले होते, त्यांचाच धोका पुन्हा वाढू शकतो.