वाकड्या खळ्याची फरशी : आधी माप, मग पैसे

चाकणच्या बाजारात नेण्याआधी कांदा निवडायला, बाजरी वाळवायला दारात शहाबादी फरशीचे खळे असले म्हणजे बरे पडते. पण रस्त्याला, कारखान्याला जमीन गेली की उरलेला तुकडा काटकोनात राहत नाही. मग समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. वाकड्या चौकोनात हा हिशेब नेहमी जादाच निघतो.

समजा, बाजू ओळीने २५, ३९, ५० आणि ३४ फूट आहेत. सरासरीने ३७.५ गुणिले ३६.५, म्हणजे सुमारे १,३६९ चौरस फूट येतात.

खरे माप असे घ्या. २५ आणि ३४ फुटांच्या बाजू मिळतात त्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. ती ५६ फूट भरली. आता उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून दोरीपर्यंतचे सर्वांत कमी अंतर मोजा. ते १५ आणि ३० फूट आले. बेरीज ४५. तिला ५६ ने गुणा, निम्मे करा. झाले १,२६० चौरस फूट, म्हणजे १२.६ ब्रास.

फरक १०९ फुटांचा! फरशी ४० आणि बसवणी ३० रुपये फूट धरली, तरी साडेसात हजारांवर रुपये फुकट जातात.

तिरक्या कडेला फरशी कापावी लागते, म्हणून शंभराला पाच जादा आणा : १,३२३ फूट. बसवणी मात्र १,२६० वरच द्या.

फरशी ५२,९२० रुपये
बसवणी ३७,८०० रुपये
एकूण ९०,७२० रुपये

दर आपल्या गावचा घाला. पाच कोपरे असतील तर तीन त्रिकोण पाडा. आणि गवंड्याशी बोली करण्याआधी दोरी स्वतः धरा.