संध्याकाळपर्यंत थिएटर

पहाटे ४.१०
करमाळ्याहून ट्रक निघतो. हौद्यात लोखंडी पाइप, त्यावर फळ्या, त्यावर कनातीच्या गुंडाळ्या. सगळ्यांत शेवटी भरलेत ते खुंट, घण, पहारी आणि दोर. मैदानावर उतरल्या उतरल्या आधी तेच लागतात. गुंडाळ्यांवर आठ माणसं झोपलीत. डिसेंबर आहे. एकाच चादरीत दोघं-दोघं. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी मामा. तमाशाच्या फडात तंबूचं सगळं काम त्यांच्याकडे. वय साठीच्या आसपास, गाव मंगळवेढ्याकडचं. फडमालकापासून पोरासोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. नाचणाऱ्या मुली, वादक, सोंगाड्या मागून बसनं येणार, दुपारनंतर.

६.४५
जामखेड. गावाबाहेरचं मैदान. ट्रक थांबतो, मामा उतरतात आणि कुणाशी न बोलता चालायला लागतात. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावलं मोजतात. साठ फूट रुंद, दीडशे फूट लांब जागा हवी. मग मूठभर माती उचलून हवेत सोडतात. वारा कुठून आहे ते बघायचं असतं. स्टेजचं तोंड वाऱ्याकडं झालं तर गाणाऱ्या बाईचा आवाज मागं जातो आणि धुळीनं ढोलकीवाल्याचे डोळे भरतात.

"लिंबाकडं पाठ करा," मामा सांगतात. स्टेजची जागा ठरली.

पोरं बाभळीचे काटे वेचतात. लोक इथं मांडी घालून बसणार. खुर्च्या फक्त पुढच्या तीन रांगांना.

८.००
चहा. टपरीवर दहा रुपये कप, दहा जणांचे शंभर. मामा पैसे देतात आणि खिशातल्या वहीत लिहितात. सकाळचा चहा मालकाकडून, दुपारचा ज्याचा त्यानं. हा करार दसऱ्याला फड बाहेर पडतो तेव्हाच ठरतो. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत हंगाम. आधी तिकिटावरचे खेळ, रोज नवं गाव. पुढं चैत्रात जत्रा लागल्या की सुपारीचे. त्या सुपाऱ्या ठरवायला नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी तिथं येतात. सुपारीच्या खेळाला तिकीट नसतं. कनातही नसते. तंबूवाल्यांना तो सुखाचा काळ.

८.४०
घण सुरू होतो.

खुंट लोखंडी, तीन फुटी. एकजण धरतो, दोघं समोरासमोर उभे राहून आळीपाळीनं हाणतात. पहिले चार घाव हलके, मग जोरात. खुंट सरळ ठोकायचा नाही, डोकं कनातीपासून बाहेर कललेलं हवं. सरळ ठोकलेला खुंट दोराच्या ताणानं वर येतो. जमीन काळी. वरचा थर दगडासारखा, वीतभर खाली गेलं की ओल. तिथं खुंट भसकन आत जातो आणि हलायला लागतो. मामा वाकतात, खुंटाला हातानं हिसका देतात. हलला की बाजूनं दगडाच्या कपच्या मारायच्या. छप्पन्न खुंटांपैकी अकरांना कपच्या लागल्या.

घण मारणाऱ्यांत एक पोरगा बीडकडचा, बाविशीचा. तळहाताला जुनं फडकं बांधलंय. महिन्याला बारा हजार आणि दोन वेळचं जेवण. दसऱ्याला तीस हजार उचल घेतली, दरमहा पाच हजार कापतात. गवंड्याच्या हाताखाली याहून बरी हजेरी मिळते, हे त्यालाही माहीत आहे. "पर तिथं उचल कोण देतंय?" तो म्हणतो आणि पुन्हा घण उचलतो. उचल बहिणीच्या लग्नात गेली.

११.३०
स्टेज. लोखंडी घोडे मांडायचे, त्यावर पाइप, त्यावर फळ्या, फळ्यांवर प्लायवूड. उंची माणसाच्या छातीइतकी. घोड्याचा पाय खचला की खाली विटेचा तुकडा. पाणी भरलेली बाटली आडवी ठेवून मामा चढउतार बघतात. ट्रकमध्ये लेव्हल आहे. ती ते वापरत नाहीत.

प्लायवूड ठोकून झालं की खालच्या सगळ्यांना बाजूला करतात. चप्पल काढतात, खांद्यावरचं उपरणं स्टेजवर पसरतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेतात. जिथं अडकतं तिथं खिळ्याचं डोकं वर आलेलं असतं. चार ठिकाणी अडकलं. चारही खिळे हातोडीनं आत घातले. पुन्हा उपरणं फिरवलं. पाचवा सापडला, कडेला, जिथं रात्री सात जणी ओळीनं गिरकी घेतात. घुंगरांच्या वजनासकट पाय त्या खिळ्यावर पडला तर मुलगी महिनाभर बसून. बसून राहिली की तिचा पगार बंद. मामांचं उपरणं जागोजाग फाटलंय ते या कामानं.

१.३०
पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. फडाचा आचारी ट्रकच्या सावलीत चूल मांडतो. वीस मिनिटं आडवं व्हायला मिळतं.

२.१५
कनात उभी करायची. आता सगळे लागतात. बांबू उभे, दोर खुंटाला, गाठ सुटी. ओढली की सुटेल अशी. आंधळी गाठ मारणाऱ्याला मामा शिवी घालतात. रात्री अंधारात सोडवायची तीच असते.

वर छप्पर नाही. चारी बाजूंनी कापडाच्या भिंती, आत मोकळी जमीन, समोर स्टेज. एवढंच थिएटर. उत्तरेची भिंत एका जागी उसवलीय. मामा दाभण आणि सुतळी घेऊन बसतात. शिवता शिवता खालची फट तपासतात. फूटभर फट म्हणजे फुकटे चाळीस, असा त्यांचा हिशेब.

एकजण बिडी पेटवतो. मामा ती त्याच्या तोंडातून काढतात. कनातीजवळ बिडी नाही. वाळूच्या चार बादल्या दोन कोपऱ्यांत ठेवायला लावतात. "कोल्हापूरचं बघितलं न्हवं?" केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मामा त्या नाट्यगृहात कधी गेलेले नाहीत. बाहेरून पाहिलंय, खासबागेतल्या कुस्त्यांना गेले तेव्हा. दगडी थिएटर पुन्हा उभं करायला कोटी लागतात आणि वर्षं लागतात. आपलं जळलं तर मालक आणखी कर्ज काढेल, एवढंच ते म्हणतात.

४.३०
मॅनेजर पोलीस ठाण्यातून परवानगीचा कागद घेऊन आला. रिक्षावर भोंगा बांधून गावात फेरी सुरू झाली. रिक्षावाल्याचे आठशे. जनरेटरला डिझेल, लिटरला नव्वदच्या वर. मैदानाचं भाडं आणि अनामत नगरपरिषदेत सकाळीच भरली. अजून एकही तिकीट फाटलेलं नाही.

६.३०
खिडकी उघडते. जमीन शंभर, खुर्ची दोनशे. पहिला अर्धा तास कुणी फिरकत नाही. मग बाजारातले आले, उसाच्या टोळीवरचे आले. बाया फार थोड्या. शे-सव्वाशे लोक कनातीबाहेरच घुटमळतात. ढोलकी वाजल्याशिवाय यातली अर्धी गर्दी खिशात हात घालत नाही.

७.४०
ढोलकी. गण झाला, गवळण सुरू. मावशीनं पहिल्याच वाक्याला मैदान हसवलं. खिडकीवर रांग लागली.

मामा खेळ बघत नाहीत. ते स्टेजखाली आहेत, बॅटरी घेऊन. वर सात जणी नाचतात तेव्हा खालचे घोडे कुरकुरतात. कुठला घोडा कसा बोलतो हे त्यांना ठाऊक आहे. डावीकडचा तिसरा जास्त बोलायला लागला, तर एक वीट आणखी.

१०.००
भोंगा बंद. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही, हा २००० सालचा नियम देशभर लागू आहे. वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सवलत मिळते, आजचा त्यातला नाही. पूर्वी दहाला गण सुरू व्हायचा आणि वग संपेपर्यंत तांबडं फुटायचं. आता रंगबाजीची आणि सिनेमाची गाणी होतात, वगाला अर्धा तास उरतो. राजा दरबारात येतो, प्रधानाशी दोन विनोद होतात, की आटपलं. मला त्या वगाचं वाईट वाटलं. मामांना नाही वाटत. त्यांची झोप तेवढी वाढली.

१०.२५
शेवटचा प्रेक्षक बाहेर पडायच्या आत उत्तरेची भिंत खाली आलेली असते. सकाळचंच काम, उलट्या क्रमानं, निम्म्या वेळात. सुट्या गाठी एका ओढीत सुटतात. खुंट मात्र सहज निघत नाहीत. आधी बाजूनं घाव घालून सैल करायचे, मग पहारीनं उचलायचे. मोजणी. पंचावन्न. एक खुंट पाचशेचा. बीडचा पोरगा बॅटरी घेऊन अर्धा तास फिरला, तेव्हा कपच्यांच्या ढिगात छप्पन्नावा सापडला.

१२.५०
मॅनेजर पेटीवर बसून हिशेब करतो. तिकिटांचे एकतीस हजार आले. डिझेल, भाडं, रिक्षा, जेवण आणि गाडीभाडं वजा जाता जे उरलं, त्यात शंभरावर माणसांचा दिवस बसत नाही. मॅनेजर आकडा मोठ्यानं वाचत नाही. कुणी विचारतही नाही. "पाटोद्याला बाजार हाय उद्या," एवढं मामा म्हणतात.

१.३०
ट्रक भरला. एक काम राहिलंय. छप्पन्न खड्डे फावड्यानं बुजवायचे आणि पायानं दाबायचे. मैदान होतं तसं करून दिल्याशिवाय नगरपरिषद अनामत परत देत नाही. ती घ्यायला मॅनेजर जामखेडातच थांबणार आहे, कार्यालय उघडेपर्यंत.