ताबा घेण्याआधी घर तपासून घ्या : कसबा पेठेतल्या नव्या इमारती आणि आपण

आमच्या एका कार्यकर्त्या मित्राने कसबा पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. घराण्यातलं स्वतःच्या नावावरचं पहिलं घर. वंदना झाली, खीर वाटली, सगळे खूश. पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. बाथरूममधलं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे वाहतं, हेही कळलं. बिल्डरला फोन केला तर उत्तर आलं, ‘ताबापत्रावर सही केलीत ना, सगळं नीट मिळालं म्हणून?’ सही केली होती. हप्ता मात्र वीस वर्षं भरायचा आहे.

वास्तुशास्त्राच्या नादी आपण लागत नाही, हे चांगलंच आहे. पण दार कुठल्या दिशेला आहे हे बघायचं नाही म्हणजे दार नीट लागतं का हेही बघायचं नाही, असं नव्हे. आपल्यातले बरेच जण नवं घर म्हटलं की रंग आणि फरशी बघतात. बँकेचा माणूस येऊन गेला म्हणजे तपासणी झाली, असंही अनेकांना वाटतं. तो घराची किंमत ठरवायला आणि बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघायला येतो. तुमच्या नळाखालची गळती शोधणं त्याचं काम नाही.

ते काम स्वतंत्र तपासनीस करतात. पुण्यात घर तपासून देणाऱ्या खाजगी कंपन्या आहेत. ओळखीतला अनुभवी सिव्हिल इंजिनिअरही चालेल, फक्त त्याचा बिल्डरशी संबंध नको. फी बहुधा चौरस फुटावर ठरते. तो ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला लावतो. प्रत्येक टाइल ठोकून बघतो. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही, ती उद्या निघणार. ओळंबा आणि गुण्या लावून भिंती सरळ आहेत का, कोपरे काटकोनात आहेत का, हे पाहतो. गिलाव्याची केसाएवढी भेग आणि तुळई-खांबाजवळची तिरकी भेग यांतला फरक त्याला कळतो, आपल्याला कळत नाही. प्रत्येक सॉकेटला अर्थिंग आहे का, आरसीसीबी बटण दाबल्यावर पडतो का, हे तपासतो. लेझरने माप घेऊन चटई क्षेत्र करारातल्या आकड्याशी ताडतो. बाथरूमची खरी परीक्षा मात्र पाण्याची. नहाणी ट्रॅप बंद करून पाणी साठवायचं, चोवीस तास ठेवायचं आणि खालच्या फ्लॅटचं छत बघायचं. शेवटी फोटोंसह लेखी अहवाल मिळतो. बिल्डरशी बोलताना हा कागद हातात असला की आवाज चढवावा लागत नाही.

हे सगळं कधी करायचं? भोगवटापत्र आल्यानंतर आणि ताबापत्रावर सही करण्याआधी. रेरा कायद्याप्रमाणे भोगवटापत्र मिळाल्यावर दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो. म्हणजे ‘आजच किल्ली घ्या’ अशी घाई करण्याचं कारण नाही. सही करावीच लागली, तर दोषांची यादी जोडून, ‘हे दोष दुरुस्त करण्याच्या अटीवर’ असं लिहून करा.

आणि सही झाली म्हणून हक्क संपत नाही. रेरा कायदा, 2016 च्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा सेवासुविधांमधला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत, जादा पैसे न घेता तो दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. तक्रार फोनवर नको. ईमेल किंवा स्पीड पोस्टाने करा.

कसबा पेठेची गोम मात्र वेगळी आहे. इथले वाडे लहान, गल्ल्या अरुंद, प्लॉट छोटे. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी सक्तीची नाही. पेठेतल्या कित्येक इमारती याच मापात बसतात. मग महारेराच्या संकेतस्थळावर नकाशे, मुदत, इंजिनिअरची प्रमाणपत्रं असं काहीच सापडत नाही आणि तिथे दाद मागणंही अवघड होतं. अशा वेळी महाराष्ट्राचा 1963 चा मोफा कायदा उपयोगी पडतो. त्यात दोष दाखवून द्यायची मुदत तीन वर्षांची आहे. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. पण जिथे सरकारी नोंद कमी, तिथे स्वतःची तपासणी जास्त लागते. आमच्या मते सातव्या मजल्याच्या टाउनशिपपेक्षा पेठेतल्या सहा फ्लॅटच्या इमारतीत ती अधिक गरजेची आहे.

दुसरी गोष्ट शनिवारवाड्याची. तो केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि पुढच्या 200 मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवरच परवानगी मिळते. पेठेचा काही भाग या टप्प्यात येतो. तेव्हा परवानगीची प्रत मागा, महापालिकेचा मंजूर नकाशा मागा आणि प्रत्यक्ष मजले त्याच्याशी मोजून बघा. नकाशात नसलेला वरचा मजला स्वस्तात मिळतो, त्याचं कारण हेच असतं.

वाड्यातल्या भाडेकरूंनीही हे वाचावं. पुनर्विकासात जागा ‘फुकट’ मिळते म्हणून तपासायची नाही, असं अनेकांच्या मनात असतं. ती फुकट नाही, तुमच्या भाडेकरू हक्काच्या बदल्यात मिळते. चार-पाच कुटुंबांनी मिळून एकच इंजिनिअर बोलावला तर खर्च वाटला जातो, आणि गच्ची, पाण्याची टाकी, लिफ्ट, ड्रेनेज हे सामाईक भागही त्याच फेरीत बघून होतात.

बिल्डर तपासनिसाला आत येऊ देत नसेल, तर तसं लेखी मागा. आमच्या मित्राने आता तेच केलंय. ओल आलेल्या भिंतीचा अहवाल जोडून स्पीड पोस्टाने पत्र पाठवलंय आणि पोचपावती जपून ठेवली आहे.